अनघड दगडांची वेदी

गेल्या प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी क्रूसाची वाट आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासात परतलो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ व्हरांड्यात बसून होते. त्यांनी आठ टंकलिखित पाने आमच्या हाती दिली आणि म्हणाले, "फादर, चूक वाटले तर खुशाल चूक म्हणा, पण आधी वाचा." चहासाठीही ते थांबले नाहीत.

पाने आम्ही वाचली. तीन वेळा वाचली. मुंबईतील आपल्या लॉजमध्ये त्यांनी वाचलेला तो निबंध होता. हे गृहस्थ फ्रीमेसन आहेत, हे आमच्या कानांवर होते. त्यांनी आपण होऊन ते प्रथमच सांगितले. निबंधाचा विषय अपयश हा आहे. अपयशाच्या पोटात दडलेले धडे माणसाने कसे शोधावेत, त्यातून स्वतःला कसे घडवावे आणि या घडणीत फ्रीमेसनरीचा हात कसा लागतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. लेखकाच्या अनुमतीने, त्यांचे नाव गाळून, आम्ही त्यास येथे जाहीर उत्तर देत आहोत. उत्तर विरोधाचे आहे. ते लिहिताना लेखणी अडखळते आहे. त्याचे कारण पुढे येईल.

गृहस्थ निफाड-पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षांच्या निर्यातीचा व्यवसाय करीत. व्यवसाय भरात असताना, २००७ साली, एका स्नेह्याच्या शिफारशीने ते लॉजमध्ये दाखल झाले. पुढे २०१०चा हंगाम आला. क्लोरमेक्वॅट नावाच्या वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश सापडल्यावरून युरोपने भारतीय द्राक्षे अडविली, आणि नाशिक जिल्ह्यातील कित्येक घरांचे दिवाळे त्या एका हंगामात निघाले. आमच्या गृहस्थांचे पॅकहाऊस गेले, राहत्या घरावर बँकेचा बोजा चढला, भागीदार दुरावला. या काळात दर महिन्याला पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईस जाऊन लॉजच्या सभेत बसणे एवढाच एक आधार त्यांना उरला होता, असे ते लिहितात. तेथे त्यांना कोणी हिशोब विचारला नाही. तेथे ते दिवाळखोर नव्हते, बंधू होते.

निबंधाचा गाभा एका प्रतीकात आहे. लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात. एक खाणीतून नुकताच काढलेला, ओबडधोबड. दुसरा घडून, घोटून चौरस केलेला चिरा. पहिला दगड म्हणजे नवशिका मनुष्य, दुसरा म्हणजे साधनेने परिपूर्ण झालेला. नवशिक्याच्या हाती चोवीस इंची मोजपट्टी, हातोडी आणि छिन्नी ही प्रतीकरूप हत्यारे देतात. पुढील पायरीवर गुण्या, पाणसळ आणि ओळंबा येतात. आमचे गृहस्थ म्हणतात की अपयश ही ती छिन्नी होय. तिच्या प्रत्येक घावाने अहंकाराचा एक टवका उडतो. मनुष्याने हातोडी घट्ट धरावी आणि आपणच आपल्याला घडवीत जावे. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही आपल्याकडील म्हण त्यांनी शेवटी जोडली आहे.

निबंध मनापासून लिहिलेला आहे. तो वाचून आमच्या पंथातील काही मंडळी सैतानपूजा, बकऱ्याचे डोके, गुप्त कट असल्या गोष्टी काढतील, म्हणून आधीच सांगून टाकतो की असल्या बाजारगप्पांना आमच्या उत्तरात स्थान नाही. त्या गप्पांचा उगम कोठे आहे, हे कॅथलिकांनी लक्षात ठेवावे. लिओ ताक्सिल नावाच्या एका फ्रेंच लेखकाने १८८५ साली आपण पश्चात्ताप पावून चर्चमध्ये परतलो, असे सोंग आणले आणि नंतर बारा वर्षे फ्रीमेसनांच्या सैतानपूजेची रसभरीत वर्णने छापली. बिशपांनी ती उचलून धरली. खुद्द पोप तेरावे लिओ यांनी त्याला भेट दिली. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये भरसभेत त्याने हसत हसत सांगितले की हे सारे आपण रचले होते. प्रतिपक्षाविषयी वाईट ते सारे खरे मानण्याची जी खोड, तिचे फळ आपण असे चाखले आहे. ज्या शहरी मुलांच्या हाती आज भ्रमणध्वनीवर तेच ताक्सिलचे शिळे अन्न पुन्हा वाढले जाते, त्यांच्या आईबापांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

फ्रीमेसनरीची खरी कथा साधी आहे. २४ जून १७१७ रोजी लंडनमध्ये चार लॉज एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज झाली. १७२३ साली जेम्स अँडरसन या प्रेस्बिटेरियन पाळकाने तिची घटना छापली; ज्या धर्माविषयी सर्व माणसांचे एकमत असते तेवढाच धर्म सदस्यांवर बंधनकारक राहावा, बाकीची मते ज्याची त्याने ठेवावीत, असे तत्त्व तीत आहे. इंग्रजांच्या छावण्या आणि कचेऱ्या जेथे गेल्या तेथे लॉजही गेली. लाहोरकडील सामान्य जन लॉजला 'जादूघर' म्हणत, हे किप्लिंगच्या 'किम' या १९०१ सालच्या कादंबरीमुळे जगास ठाऊक झाले. किप्लिंग स्वतः लाहोरच्या लॉजचा सदस्य होता. मुंबईत माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थास युरोपियनांच्या लॉजने प्रवेश नाकारला. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. मग १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांकरिता 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज मुंबईत स्थापिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली. भारतीय लॉजमध्ये वेदिकेवर बायबलसोबत गीता, कुराण, अवेस्ता असे ग्रंथ मांडलेले असतात. गोरा आणि काळा, पारशी आणि हिंदू ज्या काळी एका पंक्तीस बसत नव्हते, त्या काळी ते लॉजमध्ये बसले, ही गोष्ट आम्ही नाकारीत नाही.

मग चर्चचा विरोध कशाला? तो जुना आहे आणि आजही उभा आहे. १७३८ साली पोप बारावे क्लेमेंट यांनी प्रथम बंदी घातली. १८८४ साली तेराव्या लिओंनी सविस्तर परिपत्र काढले. १९१७च्या धर्मविधिसंहितेत फ्रीमेसनांना बहिष्कृतीचा दंड होता. १९८३च्या नव्या संहितेत त्यांचे नाव राहिले नाही, आणि त्यावरून बंदी उठली असा समज आपल्याकडील बऱ्याच सुशिक्षितांनी करून घेतला. तो खोटा आहे. संहिता अंमलात येण्याच्या आदल्याच दिवशी, २६ नोव्हेंबर १९८३ रोजी, कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीने आणि पोप दुसरे जॉन पॉल यांच्या संमतीने घोषणा झाली की चर्चचा निर्णय बदललेला नाही. जे कॅथलिक सदस्य होतात ते गंभीर पापाच्या अवस्थेत असून त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी फिलिपिन्समधील एका बिशपांच्या प्रश्नास उत्तर देताना रोमने हेच पुन्हा सांगितले, आणि सोबत असेही सुचविले की तेथील बिशपांनी धर्मग्रामाधर्मग्रामांतून याचे कारण लोकांना समजावून द्यावे. बंदी आम्ही सांगत आलो. कारण सांगण्याचे काम मात्र आम्ही धर्मगुरूंनी सोयिस्करपणे टाळले.

आमच्या मते कारण त्या दोन दगडांत आहे. नाशिककरांना दगडाविषयी वेगळे सांगायला नको. रामशेजच्या खाणीतील काळा पाषाण घडून काळाराम मंदिर उभे राहिले. पाथरवट दगडावर टाकी मारतो हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. दगड स्वस्थ पडलेला असतो. घाव कोठे घालायचा, किती खोल घालायचा, कोठे थांबायचे, हे पाथरवट ठरवितो. कारण त्याच्या मनात मूर्ती असते आणि दगडाच्या मनात काही नसते. आमच्या म्हणीतही घाव सोसायचे आहेत, घालायचे नाहीत. लॉजमध्ये मात्र दगडाच्याच हातात टाकी दिली आहे. जो घडायचा तोच घडविणारा. जो वाकडा तोच गुण्या लावून काटकोन तपासणारा. पडलेल्या माणसाला हा उपदेश प्रथम उभारी देतो, यात शंका नाही. पण रात्री दोन वाजता तोच मनुष्य जागा होतो आणि त्याच्या हातात हातोडी असते. त्या वेळी तो काय फोडील, याचा भरवसा कोणी द्यावा? पापनिवेदनाच्या आसनावर बसून तीस वर्षे होत आली. अपयशाने स्वतःलाच टवका टवका फोडीत बसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. सुधारणेचा उत्साह त्यांच्यात कमी नव्हता. आपल्याला कोणी क्षमा केली आहे, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

हल्ली हा उपदेश देण्यास लॉजचीही गरज उरलेली नाही. कॉलेज रोडवरच्या कोणत्याही सभागृहात व्यक्तिमत्त्वविकासाचे वर्ग चालतात. तेथे शुल्क भरून हेच मिळते, फक्त गुण्या आणि ओळंबा नसतात.

आता शास्त्राकडे वळू. फ्रीमेसन शलमोनाच्या मंदिराचा वारसा सांगतात, म्हणून शास्त्राच्या साक्षीने बोलण्यास त्यांची हरकत नसावी. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात, दहा आज्ञांच्या पाठोपाठ, देव मोशेला वेदीविषयी एक विलक्षण नियम देतो. दगडांची वेदी करायची तर ती घडलेल्या दगडांची करू नये. दगडाला हत्यार लागले की तो भ्रष्ट झाला. अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायात हाच नियम पुन्हा येतो, यहोशवाने तो पाळला. पुढे अनेक शतकांनी यहूदा मक्काबी याने विटाळलेली वेदी पाडून नवी बांधली तीही अनघड दगडांचीच, असे मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात आहे. लॉजमधील बंधू म्हणतील की शलमोनाच्या मंदिराचे चिरे घडीव होते. होते, ते खाणीतच घडून आणले जात आणि बांधकामाच्या जागी हातोडीचा आवाजही होत नसे, असे राजांच्या पहिल्या पुस्तकात सांगितले आहे. भिंतींना घडीव चिरा चालतो. पण ज्या जागी पापार्पण जळते, ज्या जागी मनुष्य देवाला भेटतो, तेथे देवाला खाणीतला दगड जसाच्या तसा हवा आहे. दिवाळे निघालेल्या माणसाने वेदीपाशी येण्याआधी स्वतःला घोटून चौरस केले पाहिजे, अशी अट तेथे नाही.

घोटीवपणाचा गर्व काय करतो, हेही नाशिकने पाहिले आहे. २ मार्च १९३० रोजी त्याच सुंदर काळ्या चिऱ्यांच्या मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांचे सत्याग्रही उभे राहिले आणि दारे बंद होती. हे आम्ही दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखविण्यासाठी लिहीत नाही. जातीवार बसण्याच्या जागा आणि जातीवार स्मशाने भारतातील आमच्या चर्चमध्येही होऊन गेली आहेत.

लॉजच्या तिसऱ्या पायरीची कथाही अपयशाचीच आहे. सॅम्युअल प्रिचर्डने १७३० सालीच ती लंडनमध्ये छापून टाकली, तेव्हा आम्ही कोणाचे गुपित फोडीत नाही. मंदिराचा मुख्य कारागीर हिराम याला तीन दुष्ट सोबती गुप्त शब्द विचारतात. तो सांगत नाही. ते त्याला ठार मारतात. शब्द हरवतो आणि त्याच्या जागी बदली शब्द येतो. दीक्षार्थी या हिरामच्या जागी पडतो आणि त्याला उठविले जाते. शास्त्रातील हिराम नफतालीच्या वंशातील विधवेचा पुत्र आहे, सोराहून आलेला पितळेचा कारागीर आहे, आणि त्याने शलमोनासाठी हाती घेतलेले सर्व काम पुरे केले एवढेच तेथे म्हटले आहे. त्याचा खून शास्त्रात नाही. कथा रचण्यास आमची हरकत नाही, आम्हीही संतांच्या पुष्कळ रचल्या. हरकत आहे ती तिच्या शेवटाला. पडलेल्याला उठविणारे हात तेथे सोबत्यांचेच असतात, आणि हरवलेला शब्द हरवलेलाच राहतो. आमच्या श्रद्धेचा आरंभच मुळी असा आहे की शब्द देह धारण करून आमच्यात राहावयास आला, आणि तो ज्यांच्यात राहिला त्यांनी त्याला शहराबाहेर नेऊन टांगले. जगाच्या हिशोबाने याहून पुरते दिवाळे कोणते?

पेत्राची गोष्ट पाहा. कोंबडा आरवला तेव्हा त्याने आपल्या अपयशातून कोणता धडा घेतला? शुभवर्तमानात धडा सांगितलेलाच नाही. तो बाहेर जाऊन रडला. पुढे सरोवराच्या काठी प्रभूने निखाऱ्यांवर मासे भाजून त्याला आधी न्याहारी दिली आणि मग तीनदा विचारले. प्रश्न त्याच्या चुकीविषयी नव्हता, प्रेमाविषयी होता. यहूदाची गोष्टही आहे. त्यालाही आपले अपयश पुरते कळले होते. चांदीची नाणी परत करण्याइतका तो प्रामाणिकही होता. पण तो एकटाच आपल्या कृत्यापुढे उभा राहिला, आणि एकट्यानेच त्याने स्वतःचा निवाडा केला.

आणखी एक गोष्ट आमच्या गृहस्थांना स्पष्ट विचारावीशी वाटते. अँडरसनच्या घटनेत सदस्य कोण होऊ शकतो ते दिले आहे. तो स्वतंत्र जन्मलेला असावा, गुलाम नसावा, स्त्री नसावी, त्याची कीर्ती चांगली असावी, शरीराने अव्यंग तरुणच शिकाऊ म्हणून घ्यावा. पुढे या अटी पुष्कळ सैल झाल्या, तरी शिफारस, गुप्त मतदान आणि वर्गणी राहिलीच. तुम्हांला लॉजने आत घेतले ते कोणत्या वर्षी? द्राक्षे पिकत होती तेव्हा. २०१०च्या पावसाळ्यात, बँकेची नोटीस खिशात घेऊन, अनोळखी म्हणून तुम्ही त्या दाराशी गेला असता तर तुमच्या नावाने पेटीत कोणत्या रंगाची गोळी पडली असती? तुमच्या बंधूंनी तुम्हांला सांभाळले, याबद्दल त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण तुमच्या पॅकहाऊसमध्ये खोकी भरणाऱ्या बायकांचाही रोजगार त्याच हंगामात बुडाला. त्यांच्या अपयशाला कोणती लॉज? हाच प्रश्न लिहून झाल्यावर आमची लेखणी अडखळली, कारण तो उलटून आमच्याकडे आला.

त्या वर्षी आम्ही याच धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. गृहस्थांचे दिवाळे निघाल्याची वार्ता आम्हांला आठवड्याच्या आत कळली होती. जाऊन यावे असे मनात आले. मे महिना होता, मुलांच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी चालली होती. मग पाऊस लागला. मग बदली झाली. त्या घराचा उंबरा आम्ही ओलांडला नाही. आमच्याप्रमाणेच इतरही कोणी ओलांडला नाही. सणाच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीत दरवर्षी त्यांचे नाव पहिल्या पाचांत असे. पुढच्या वर्षी ते नव्हते आणि का नाही, हे विचारण्याचेही कोणाला सुचले नाही. आपल्याकडे सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी आहे. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी ती पॅरिसमध्ये सुरू केली ती गरिबांच्या घरी जाऊन बसण्यासाठी. पण आमच्या सोसायटीच्या वहीत गरीब म्हणून नोंदलेली घरे असतात. काल श्रीमंत होता आणि आज तोंड लपवितो, अशा माणसासाठी त्या वहीत रकाना नाही. तो रविवारी मागच्या बाकावर बसतो, मग दारापाशी उभा राहतो, मग येत नाही.

लॉजने त्यांना दिले ते तत्त्वज्ञान फसवे आहे, असे आम्ही वर लिहिले आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. मात्र महिन्यातून एकदा तीन-चार माणसे एका माणसाची वाट पाहत बसत, हे त्या तत्त्वज्ञानापेक्षा मोठे होते, आणि ते मूळचे आमचे काम होते. ते करण्यास आम्ही गेलो नाही, म्हणून हातोडीचा उपदेश त्यांना गोड लागला. आपल्या नाशिक धर्मप्रांतातील प्रत्येक धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलने निदान एवढे ठरवावे: एखाद्या घरी धंदा बुडाला, नोकरी गेली, मुलगा परीक्षेत पडला, लग्न मोडले, की मरण झाल्यावर जसे आठ दिवसांच्या आत जातो तसे जायचे, उपदेश करायचा नाही, जपमाळ म्हणायची आणि उठायचे. याला ठराव लागत नाही, निधी लागत नाही. निधी लागत नसलेली कामे आपल्याकडे का अडतात, हा वेगळा विषय आहे.

निबंध वाचल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही त्या घरी गेलो. त्यांच्या मुलीचा विवाह येत्या जानेवारीत आहे आणि मिस्साबलिदानात मुलीसोबत ख्रिस्तप्रसाद घेण्याची त्यांची इच्छा आहे. लॉज सोडल्यावाचून ते होणार नाही, हे आम्ही त्यांना सांगितले. गोल गोल बोललो नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फादर, तुम्ही म्हणता ते पटते. पण ती माणसे माझ्याकडे आली होती." त्यांच्या पत्नीने पोहे आणून ठेवले. आम्ही खाल्ले. आमच्याजवळ या वाक्याला त्या दिवशी उत्तर नव्हते, आणि आम्ही देण्याचा प्रयत्नही केला नाही. निघताना पुढच्या गुरुवारी पुन्हा येतो म्हणालो. तेव्हापासून सहा गुरुवार झाले. एक चुकला, त्या दिवशी अंत्यविधी होता. निबंधाची आठ पाने अजून आमच्याकडेच आहेत. ती परत मागण्याचा विषय त्यांनी काढलेला नाही, लॉजचा राजीनामा दिल्याचेही सांगितलेले नाही.